दुखावलेला पाय आणि अडथळ्यांची शर्यत

मेक्सिको शहरात १५ ऑक्टोबर १९६८ रोजी ऑलिंपिकमधील चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी झाली. सहाव्या लेनमधून धावणाऱ्या डेव्हिड हेमरी या चोवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाने ती ४८.१२ सेकंदांत पुरी केली आणि जागतिक उच्चांक मोडला. दुसरा आलेला पश्चिम जर्मनीचा गेरहार्ड हेनिगे ४९.०२ सेकंदांत पोहोचला. म्हणजे दोघांमध्ये सात मीटरांच्या आसपास अंतर पडले होते. जी शर्यत बहुधा छातीच्या पुढेमागेपणावर ठरते, तिच्यात सात मीटर ही सामान्य गोष्ट नव्हे. बी.बी.सी.वर वर्णन करणाऱ्या डेव्हिड कोलमन यांचे भान त्या क्षणी इतके हरपले की, तिसरा कोण आला याची कोणाला पर्वा, असे ते बोलून गेले. मौज अशी की तिसरा आलेला जॉन शेरवुड हाही ब्रिटिश संघातलाच होता!

या विजयाची हकीकत पुष्कळांनी वाचली असेल. तिच्या आधीच्या वर्षाची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. १९६७ साली हाच तरुण मांडीमागचा स्नायू फाटल्यामुळे मैदानाबाहेर बसून होता. हेमरीचा जन्म १९४४ सालचा, इंग्लंडातील सायरेन्सेस्टर गावचा; परंतु वयाच्या बाराव्या वर्षी तो आईबापांबरोबर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स संस्थानात गेला, आणि पुढे बॉस्टन विद्यापीठात शिकू लागला. १९६६ च्या ऑगस्टमध्ये जमेकातील किंग्स्टन येथे राष्ट्रकुल सामन्यांत त्याने १२० यार्डांची उंच अडथळ्यांची शर्यत जिंकली होती. नाव नुकतेच लोकांच्या ओठी आले होते, आणि तोच पाय दुखावला. एक सबंध मोसम गेला. समोर दोन तारखा होत्या. १९६८ च्या जूनमध्ये अमेरिकेतील महाविद्यालयांची अजिंक्यपदाची स्पर्धा, आणि ऑक्टोबरमध्ये ऑलिंपिक. महाविद्यालयीन जीवनाचे हे शेवटचे वर्ष. ऑलिंपिक तर चार वर्षांनी एकदाच येते. अशा वेळी दुखावलेल्या पायाने केव्हा धावावे, हा प्रश्न सोपा नसतो. फार लवकर धावल्यास स्नायू पुन्हा फाटतो, आणि फार उशीर केल्यास स्पर्धेचा दिवस निघून जातो.

या प्रश्नाची अडचण समजण्यासाठी ही शर्यत काय आहे ते आधी पाहिले पाहिजे. चारशे मीटरांच्या मैदानाला एक पुरा फेरा घालावयाचा आणि वाटेत दहा अडथळे ओलांडावयाचे. पुरुषांच्या शर्यतीत प्रत्येक अडथळा तीन फूट उंचीचा, म्हणजे साधारण जेवणाच्या टेबलाहून थोडा उंच असतो. आरंभरेषेपासून पहिला अडथळा ४५ मीटरांवर, पुढे प्रत्येक दोन अडथळ्यांत ३५ मीटर, आणि शेवटच्या अडथळ्यानंतर ४० मीटर मोकळे. हिंदुस्थानात या शर्यतीचे नाव घरोघर झाले ते पी. टी. उषा हिच्यामुळे. १९८४ साली लॉस एंजल्स येथे स्त्रियांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच झाली, आणि सेकंदाच्या एका शतांशाने उषाचे कांस्यपदक हुकले. तिची वेळ ५५.४२ होती, आणि तिसऱ्या आलेल्या रुमानियन मुलीची ५५.४१.

पाहणाऱ्यास वाटते की कौशल्य आहे ते उडी मारण्यात. वस्तुतः चांगला धावपटू अडथळ्यावरून उडी मारतच नाही. तो त्यावरून धावत जातो. खरे कौशल्य आहे ते दोन अडथळ्यांमधील ढांगांच्या मोजणीत. अडथळ्यापूर्वी सुमारे सात फुटांवर पाय जमिनीवरून उचलावा लागतो आणि पलीकडे चार फुटांवर टेकतो. उरलेल्या जागेत तेरा ढांगा बसवावयाच्या तर प्रत्येक ढांग आठ फुटांची पडली पाहिजे. पंधरा बसवावयाच्या तर सात फुटांची पुरे. संख्या विषम असली म्हणजे प्रत्येक अडथळ्यावर तोच पाय पुढे येतो. सम झाली की पाय बदलतो, आणि दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने अडथळा ओलांडणारे थोडे. तबलजी जसा किती मात्रा गेल्या हे तोंडाने न मोजताही बरोबर समेवर येतो, तसे या धावपटूला दर पस्तीस मीटरांवर समेवर यावे लागते. तेही दम लागलेला असताना, वळणावर, आणि वाऱ्यात. एक ढांग सहा इंच आखूड पडली तर पुढचा अडथळा अंगावर येतो.

आता दुखावणाऱ्या स्नायूकडे वळावे. मांडीच्या मागे तीन लांब स्नायू आहेत. ते वर बैठकीच्या हाडापासून निघतात आणि गुडघा ओलांडून पोटरीच्या हाडांना चिकटतात. म्हणजे कंबरेचा सांधा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवर त्यांची सत्ता चालते. ही गोष्ट सूर्यनमस्कार घालणाऱ्या कोणासही पटकन पटेल. गुडघे न वाकवता हात जमिनीला टेकवताना, किंवा पश्चिमोत्तानासनात पुढे वाकताना, मांडीमागे जो ताण जाणवतो तो याच स्नायूंचा. कंबरेत वाकणे आणि गुडघा सरळ करणे या दोन्ही क्रिया एकदम झाल्या की हे स्नायू दोन्ही टोकांनी ताणले जातात. अडथळा ओलांडताना पुढचा पाय नेमके हेच करतो. मांडी छातीकडे येते, गुडघा सुटतो, धड त्यावर झुकते, आणि आसनात जे सावकाश करावयाचे ते येथे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होऊन जाते.

बरे, साध्या वेगवान धावण्यातही या स्नायूंचे काम कमी कठीण नाही. पाय पुढे फेकला गेला म्हणजे तो जमिनीला टेकण्यापूर्वी त्याला लगाम घालावा लागतो. तो लगाम म्हणजे हे स्नायू. ते लांबत असतानाच जोर लावतात, आणि स्नायू लांबत असताना जोर लावणे हेच त्याला सर्वांत महाग पडते. वेगाने धावणाऱ्यांचा स्नायू बहुधा याच क्षणी फाटतो. धावणारा एकाएकी मांडीमागे हात नेतो आणि लंगडत थांबतो. खो-खोच्या किंवा आट्यापाट्यांच्या मैदानावर हे दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल.

अशा वेळी आपल्या घरांतून जे उपचार होतात त्यांविषयी येथे दोन शब्द बोलणे अवश्य आहे. लचक भरली, शीर चढली असे म्हणून लगेच शेकावयाचे, आंबेहळदीचा गरम लेप घालावयाचा, आणि कोणी जाणता सापडला की तेल लावून जोराने चोळावयाचे, ही आपली रीत आहे. हेतू चांगला, पण पहिल्या दोनतीन दिवसांत स्नायूच्या आत रक्त पाझरत असते, आणि उष्णतेने व चोळण्याने ते वाढते. त्या दिवसांत थंड पाण्याची किंवा बर्फाची घडी, हलका दाब, आणि पायाला विसावा एवढेच हिताचे. शेकण्याची घाई कोणी करू नये.

परंतु विसावा किती काळ, येथे दुसऱ्या टोकाची चूक होते. पुष्कळांची समजूत अशी की दुखणे थांबेपर्यंत खाटेवर पडून राहावे, आणि दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला. स्नायू फाटतो तेथे शरीर प्रथम जो सांधा घालते तो ठिगळासारखा असतो. त्याचे तंतू वाटेल त्या दिशेने पसरलेले असतात आणि त्यांना लवचिकपणा नसतो. त्यांना नीट ओळीत लावावयाचे तर त्यांवर हळूहळू, पण नेमाने, भार पडला पाहिजे. भार मुळीच न पडला तर ठिगळ आखूड व कडक राहते. पाय चालताना दुखत नाही, जिना चढताना दुखत नाही, सावकाश पळतानाही दुखत नाही. आणि पहिल्या खऱ्या वेगवान धावेत, ठिगळाच्या कडेला, पुन्हा फाटतो. ज्याचा हा स्नायू एकदा फाटला आहे त्याचाच तो पुन्हा फाटण्याचा संभव अधिक असतो, आणि मैदानावर परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, असा वैद्यांचा अनुभव आहे.

यासंबंधी स्वीडनमध्ये झालेला एक प्रयोग फार उद्बोधक आहे. कार्ल आस्क्लिंग आणि त्यांचे सहकारी यांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. वेगवान धावणारे आणि उड्या मारणारे असे ५६ उत्तम खेळाडू, सर्वांचा हाच स्नायू दुखावलेला. त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे व्यायाम दिले; दुसऱ्याला स्नायू लांबत असताना जोर लावावा लागेल असे व्यायाम दिले, म्हणजे जी क्रिया स्नायूला फाडते तीच, पण सौम्य मापाने. पहिला गट सरासरीने ८६ दिवसांनी पूर्ण सरावास परतला, दुसरा ४९ दिवसांनी. याहूनही लक्षात ठेवण्याजोगी आहे ती शेवटची कसोटी. खेळाडूला उताणे निजवून, गुडघा सरळ ठेवून, पाय शक्य तितक्या वेगाने वर फेकावयास सांगतात. पाय दुखतो की नाही एवढेच विचारीत नाहीत. फेकताना मनाला धास्ती वाटली की काय, हे विचारतात. किंचितही धास्ती वाटली, तर परतण्याचा दिवस पुढे ढकलावयाचा.

मनाच्या धास्तीला वैद्यकाने असे स्थान द्यावे, हे प्रथम चमत्कारिक वाटेल. पण अडथळ्यांच्या धावपटूच्या बाबतीत ते अगदी योग्य आहे. साध्या शर्यतीत धावणारा भ्याला तर फक्त हळू धावेल. अडथळ्यांच्या शर्यतीत भ्यालेला माणूस शेवटची ढांग आखूड टाकतो, अडथळ्याच्या फार जवळ येतो, आणि मग त्यास धावत जाण्याऐवजी खरोखरीच उडी मारावी लागते. उडी मारली की उतरणे जड होते, उतरणे जड झाले की पुढच्या तेरा ढांगांचे गणित चुकते. म्हणजे पाय बरा असूनही शर्यत हातची जाते. स्नायू आठवड्यांत भरून येतो. ठेका परत बसावयास महिने लागतात. आणि मन केव्हा निश्चिंत होईल ते कोणीच सांगू शकत नाही. ही तिन्ही घड्याळे एकाच वेळी जुळतील असा नियम नाही.

हेमरीच्या काळी असे प्रयोग झालेले नव्हते. बॉस्टनमधील त्याचे शिक्षक बिली स्मिथ यांना जे ठाऊक होते ते अनुभवाने. १९६७ नंतरच्या हिवाळ्यात त्यांनी शिष्याकडून जे करवून घेतले त्यात डौल कमी आणि घाम फार होता. लांब पल्ल्याच्या धावा, टेकड्यांवरच्या चढणी, वजने उचलणे, आणि समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवर धावणे. मॅसॅच्युसेट्समधील हिवाळा म्हणजे बर्फाचा. वाळूत पाय रुतत असल्यामुळे वेग येत नाही, पण दम मात्र पुरेपूर निघतो. अडथळे ओलांडण्याचे बारकावे हेमरीने इंग्लंडातील फ्रेड हाउसडन यांच्यापासून उचलले होते. हे वृद्ध गृहस्थ एके काळी हॅरो येथील शाळेत गणित शिकवीत, आणि ढांगांचे गणित हा विषय गणिताच्या मास्तरांकडे जावा यात नवल नाही.

तोपर्यंत हेमरी होता तो मुख्यतः उंच अडथळ्यांचा धावपटू. ती शर्यत चौदा सेकंदांत आटोपते. तिला वेग आणि सफाई लागते, दम फारसा लागत नाही. चारशे मीटरांना तिन्ही गोष्टी लागतात, आणि दम नसेल तर पहिल्या दोन्ही सातव्या अडथळ्यापाशी संपतात. पाय शाबूत असलेला तरुण धावपटू सहसा महिनेच्या महिने टेकड्या चढत बसत नाही. त्याला वेगाची आणि शर्यतींची चटक असते. दुखावलेल्या पायाने ती चटक हेमरीकडून हिरावून घेतली होती. तेव्हा, गेलेले वर्ष केवळ गेले नाही, त्यातूनच पुढच्या वर्षीचा दम आला, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. अर्थात हे मागाहून सांगणे सोपे. त्या हिवाळ्यात वाळूत धावणाऱ्यास याची हमी कोणीही दिली नव्हती.

आणि हमी नसते, याचे उदाहरणही याच खेळात आहे. चीनचा लिऊ शियांग २००४ साली अथेन्स येथे ११० मीटर अडथळ्यांचा ऑलिंपिक विजेता झाला, आणि २००६ साली त्याने १२.८८ सेकंदांचा जागतिक उच्चांक केला. २००८ साली ऑलिंपिक त्याच्याच देशात, बीजिंगला होते. टाचेवरची जाड कंडरा दुखावलेली असताना तो पहिल्या फेरीसाठी उतरला. एका प्रतिस्पर्ध्याने चुकीचा आरंभ केला म्हणून सर्वांना परत बोलाविले, आणि लिऊ परत न येता वळून बोगद्यातून आत निघून गेला. भरलेले क्रीडांगण स्तब्ध झाले. शस्त्रक्रिया झाली, तेरा महिन्यांनी तो पुन्हा धावू लागला, आणि उत्तम धावू लागला. पण २०१२ साली लंडन येथे पहिल्याच अडथळ्याला पाय लागून तो पडला आणि कंडरा तुटली. एका पायावर उड्या घेत तो शेवटच्या अडथळ्यापर्यंत गेला, आपल्या लेनमधील त्या अडथळ्याचे त्याने चुंबन घेतले, आणि मग प्रतिस्पर्ध्यांनी त्याला हात देऊन नेले. या माणसाचे कष्ट हेमरीहून कमी होते असे कोणीही म्हणणार नाही.

जून १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे महाविद्यालयांची स्पर्धा भरली. तेथे पुढारलेल्या महाविद्यालयांचे निवडक धावपटू एकत्र येतात, आणि त्या काळी अमेरिकन महाविद्यालयात ज्याने अडथळ्यांची शर्यत जिंकली तो जगात कोणाचीही बरोबरी करू शके. हेमरीने चारशे मीटरांची शर्यत ४९.८ सेकंदांत जिंकली. वर्षभरापूर्वी ज्या पायाने धावता येत नव्हते, त्या पायाने दहाही अडथळे सफाईने ओलांडले. पाय भरला, हे त्या दिवशी सिद्ध झाले. परंतु जागतिक उच्चांक अजून दूर होता. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत, एको समिट येथे, अमेरिकन संघाची निवड झाली तेव्हा जेफ व्हँडरस्टॉक याने ही शर्यत ४८.८ सेकंदांत पुरी करून नवा उच्चांक केला.

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वराहून आठशे मीटरांनी अधिक. हवा विरळ असल्यामुळे धावणाऱ्यास तिचा अडथळा कमी होतो, आणि त्या ऑलिंपिकमध्ये कमी पल्ल्याच्या शर्यतींचे व उड्यांचे उच्चांक धडाधड मोडले ते काही अंशी यामुळेच. हेमरीच्या विक्रमाला हेच कारण लावण्याचा मोह होतो. पण व्हँडरस्टॉकनेही आपला उच्चांक जवळजवळ तेवढ्याच उंचीवर केला होता, आणि तो स्वतः या अंतिम फेरीत धावत होता. तो चौथा आला. शिवाय विरळ हवेत प्राणवायू कमी मिळतो, आणि शर्यतीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात त्याची किंमत द्यावी लागते. तेथे उपयोगी पडला तो वाळूच्या टेकाडांवर मिळवलेला दम.

हेमरीची योजना अशी होती की पहिल्या सहा अडथळ्यांपर्यंत तेरा ढांगा टाकावयाच्या आणि तेथून पुढे पंधरा. तेरांवरून एकदम पंधरांवर येणे हे कठीण कर्म. आठ फुटांची ढांग एकाएकी सात फुटांवर आणावयाची, आणि तरी वेग कमी होऊ द्यावयाचा नाही. म्हणजे पाय अधिक जलद उचलावयाचे. दमलेल्या माणसाची ढांग आपोआप आखूड होते, पण त्याबरोबर पायांची चपळाईही जाते. हेमरीने ढांग आखूड केली ती दमण्यापूर्वी आणि आपखुशीने. शर्यत तेथेच ठरली. शेवटच्या वळणातून बाहेर आला तेव्हा तो एकटाच पुढे होता, आणि आतील लेनमधले सर्व प्रतिस्पर्धी पाठीमागे असल्यामुळे त्याला कोणीही दिसत नव्हते.

चार वर्षांनी, १९७२ साली म्युनिक येथे, हेमरी पुन्हा याच शर्यतीच्या आरंभरेषेवर उभा राहिला. पहिल्या भागात तो आघाडीवर होता. पण युगांडाचा जॉन आकी-बुआ याने सर्वांत आतल्या, अवघड वळणाच्या लेनमधून धावून ४७.८२ सेकंदांत शर्यत जिंकली आणि हेमरीचा उच्चांक पुसून टाकला. हेमरीची वेळ ४८.५२ झाली आणि त्याला कांस्यपदक मिळाले. रौप्यपदक अमेरिकेच्या राल्फ मान याने ४८.५१ सेकंदांत नेले.